कोंबडीच्या पिल्लांसाठी घरीच वाढवा अळ्या. पण आधी अळी नीट ओळखा

जोहे (ता. पेण) : गणपतीच्या कारखान्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या या भागात दारात चार गावठी कोंबड्या पाळणारी घरं आजही आहेत. पिल्लं निघाली की खाद्याचा प्रश्न येतो. पहिल्या 8 आठवड्यांत पिल्लांच्या खाद्यात सुमारे 20 टक्के प्रथिनं लागतात. नुसत्या कणी-कोंड्यात ती निम्म्याच्या आसपासच मिळतात. मोकळी कोंबडी माती उकरून किडे शोधते ती यासाठीच. हे किडे घरीही वाढवता येतात.

कोणती अळी निवडावी?

वाळवी : ही जुनी पद्धत. फुटक्या मडक्यात गोणपाट, शेण, पेंढा भरून ओलं करायचं आणि वाळवीच्या जागी उपडं ठेवायचं. सकाळी मडकं पिल्लांपुढे झटकायचं. मात्र वाळवीचं औषध मारलेल्या घराजवळची वाळवी देऊ नये.

मीलवर्म : कोरड्या कोंड्यात वाढते, वास येत नाही. पण तयार व्हायला अडीच-तीन महिने लागतात. शिवाय ही साठवलेल्या धान्याची कीड आहे, त्यामुळे भात साठवलेल्या घरात नकोच.

काळी सैनिक माशी (ब्लॅक सोल्जर फ्लाय) : दारच्या कोंबड्यांसाठी हीच सोयीची. माशी काळी, लांबट असते. ती चावत नाही, जेवणावर बसत नाही. वाळलेल्या अळीत 40 टक्क्यांच्या आसपास प्रथिनं असतात आणि कॅल्शियमही भरपूर असतं.

कशी वाढवायची?

तळाला भोकं पाडलेला ड्रम सावलीत, पावसापासून आडोशाला ठेवा. त्यात भाजीचे देठ, शिळा भात आणि कोंडा यांचा 3-4 इंचांचा थर द्या. थर ओला हवा, पण पाणी साचता कामा नये. वर पुठ्ठ्याचे तुकडे ठेवा. माशी कोरड्या फटीत अंडी घालते. झाकणाला थोडी फट ठेवा. माशी येत नसेल तर सुरुवातीला अंडी विकत मिळतात.

अंडी साधारण 4 दिवसांत फुटतात. 2-3 आठवड्यांत अळी पूर्ण वाढते, मग काळपट होऊन कोरडी जागा शोधत वर चढते. ड्रमला आतून तिरकी फळी लावली की अळ्या स्वतःच बाहेरच्या डब्यात पडतात. त्यातल्या मूठभर कोरड्या मातीत राखून ठेवा. त्यांच्याच पुढे माश्या होतात. एक मादी 500 च्या आसपास अंडी घालते. माश्यांची जोडी जमायला ऊन लागतं, म्हणून राखलेला डबा उजेडाच्या जागी ठेवावा.

ही चूक करू नका

मेलेली कोंबडी किंवा सडकं मांस ड्रममध्ये कधीही टाकू नये. सडक्या मांसावरच्या अळ्यांतून बोट्युलिझमची विषबाधा होते. कोंबडी मान टाकते, पाय लुळे पडतात आणि ती मरते. त्यामुळे मेलेलं पिल्लू खोल पुरावं. कारखान्यातले रंगाचे रिकामे डबे किंवा औषध फवारलेला भाजीपालाही वापरू नये.

लहान पिल्लांना बारीक, पांढऱ्या अळ्याच द्याव्यात. एकूण खाद्याच्या दहाव्या हिश्शापेक्षा जास्त अळ्या नकोत. बाकी दाणा आणि पाणी नेहमीप्रमाणे. अळ्यांमुळे मानमोडी टळत नाही. त्यासाठी पहिल्या आठवड्यात लासोटा लस द्यावीच लागते. लसीबाबत जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारावं.