ॲप खरं, पण पलीकडे बसलंय कोण? एका चुकीने हजारो ॲप कशी उघडी पडली, वाचा

बँकेचं ॲप उघडलं, पिन टाकला, पैसे गेले. एवढ्या दोन सेकंदांत मोबाईलने आपल्याला न विचारता एक काम केलेलं असतं. पलीकडून उत्तर देणारा सर्व्हर खरंच बँकेचा आहे, की मध्येच दुसरा कुणी बसलाय, हे त्याने तपासलेलं असतं. ही तपासणीच झाली नाही तर? २०१५ मध्ये आयफोनच्या हजारो ॲपमध्ये नेमकं हेच घडलं होतं.

आधी तपासणी कशी होते ते बघू. प्रत्येक सर्व्हरकडे एक डिजिटल प्रमाणपत्र असतं. त्यावर त्याचं नाव, मुदत आणि प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेची डिजिटल सही असते. कोणत्या संस्थांच्या सह्या मानायच्या, याची यादी मोबाईलमध्ये आधीच भरलेली असते. मोबाईल मुख्यतः तीन गोष्टी बघतो: सही खरी आहे का, मुदत संपली नाही ना, आणि नाव त्याच सर्व्हरचं आहे का. (मोबाईलची तारीख चुकली की साइट उघडत नाही, ‘सुरक्षित नाही’ असं येतं, ते या मुदतीमुळेच.)

आता चूक कुठे झाली? ट्रॅक्टर बनवणारी कंपनी प्रत्येक बेअरिंग स्वतः बनवत नाही, तयार आणून बसवते. ॲपचंही तसंच. इंटरनेटवर बोलण्याचा कोड बहुतेक जण तयार घेतात. अशा तयार कोडला लायब्ररी म्हणतात. आयफोनच्या ॲपसाठी ‘एएफनेटवर्किंग’ नावाची लायब्ररी तेव्हा फार चालायची. फुकट होती, कामाची होती. पण बेअरिंगचा एक लॉट खराब निघाला तर तो बसवलेले सगळेच ट्रॅक्टर अडचणीत येतात.

२०१५ च्या सुरुवातीला आलेल्या तिच्या २.५.१ आवृत्तीत तसंच झालं. कोड बदलताना एक अट अशी लिहिली गेली, की ॲप बनवणाऱ्याने जादा बंदोबस्त केलेला नसेल तर प्रमाणपत्राची तपासणी न होताच ‘ठीक आहे’ असं उत्तर जायचं. घरी बसून छापलेलं प्रमाणपत्रही चालून जायचं. इटलीतल्या मिंडेड सिक्युरिटी या कंपनीच्या दोन तज्ज्ञांनी मार्चमध्ये हे उघड केलं आणि त्याच महिन्यात दुरुस्त आवृत्ती २.५.२ आली.

पण तेवढ्याने मिटलं नाही. आणखी एक भोक सापडलं, आणि माझ्या मते ते जास्त वाईट होतं. यात सही तपासली जायची, मुदत तपासली जायची, फक्त नाव बघितलं जात नव्हतं. म्हणजे आधार कार्ड खरं आहे, पण फोटो समोरच्या माणसाचा आहे का हे न बघता रेशन देऊन टाकायचं! कुणीही स्वतःच्या साइटसाठी खरं प्रमाणपत्र काढायचं आणि बँकेच्या नावाने उभं राहायचं. ही चूक एप्रिलमध्ये २.५.३ आवृत्तीत दुरुस्त झाली.

सोर्सडीएनए या कंपनीने तेव्हा ॲप तपासली. पहिली चूक दुरुस्त होऊन काही आठवडे गेले तरी सुमारे १,००० ॲपमध्ये जुनाच कोड होता. दुसऱ्या चुकीत सापडलेली ॲप किमान २५,०००. कारण सरळ आहे. लायब्ररी दुरुस्त झाली म्हणून ॲप आपोआप दुरुस्त होत नाही. ॲपवाल्याने नवा कोड बसवून नवी आवृत्ती सोडावी लागते, आणि ती आपण आपल्या फोनमध्ये घ्यावी लागते. सर्व्हरचं खरं प्रमाणपत्र ज्यांनी ॲपमध्येच पक्कं बसवून ठेवलं होतं, ती ॲप मात्र वाचली.

‘आपला फोन अँड्रॉइड, आपल्याला काय?’ असं म्हणू नका. २०१२ मध्ये जर्मनीतल्या संशोधकांनी अँड्रॉइडची १३,५०० फुकट ॲप तपासली. त्यातल्या १,०७४ मध्ये प्रमाणपत्राच्या तपासणीचा कोड धोक्याचा निघाला. त्यातली निवडक १०० हाताने तपासली, तर ४१ मध्ये मध्ये घुसून माहिती चोरता आली.

चोराला यासाठी तुमच्या आणि सर्व्हरच्या मध्ये बसावं लागतं. स्टँडवर, लॉजवर, हॉटेलात कुणाचंही फुकट वाय-फाय असेल तर ते सोपं जातं. मोबाईल डेटावर बरंच अवघड. म्हणून पैशाचं काम करताना फुकटचं वाय-फाय बंद करा, आपला डेटा वापरा. दहा रुपयांचा डेटा वाचवायला खातं पणाला लावायचं कशाला?

आणि अपडेट. प्ले स्टोअर उघडा, वर उजव्या कोपऱ्यातल्या गोल फोटोवर दाबा, ‘मॅनेज ॲप्स अँड डिव्हाइस’ मध्ये जा. किती ॲपचे अपडेट थांबलेत ते दिसेल. आधी बँकेचं आणि यूपीआयचं ॲप घ्या, जागा कमी असेल तर गेम काढा. एखादं ॲप शेवटचं कधी अपडेट झालं, ती तारीखही त्याच्या माहितीत दिसते. तीन-चार वर्षांपूर्वीची असेल तर त्यात पिन-पासवर्ड टाकू नका. व्हॉट्सॲपवर कुणी फाइल पाठवून टाकायला लावलेलं ॲप असेल, तर त्याचे अपडेट प्ले स्टोअरवरून येतीलच याचा भरवसा नाही. ते सरळ काढून टाका.