रंगसंगती, चित्रातील

चित्रातील रंगांचा परस्परांवर होणारा परिणाम लक्षात घेऊन केलेली त्यांची निवड व मांडणी, म्हणजे रंगसंगती होय. चित्रात रंगाला स्वतंत्र मूल्य क्वचितच असते. शेजारच्या रंगामुळे तो उजळ वा मळकट, उष्ण वा शीत भासतो. त्यामुळे पॅलेटवर मनोहर वाटणारा रंग चित्रात बसविताच विसंगत ठरू शकतो.

रंगाची निवड करताना तांबडा, निळा इ. त्याचा प्रकार, त्याचा उजळ-गडदपणा आणि त्याची तीव्रता असे तीन गुण विचारात घ्यावे लागतात. नवशिका चित्रकार बहुधा पहिल्याकडेच लक्ष देतो. चित्र फसते ते मात्र पुष्कळदा दुसऱ्या गुणामुळे. तांबडा-हिरवा, पिवळा-जांभळा व निळा-नारिंगी या पूरक रंगांच्या जोड्या होत. त्या शेजारी ठेवल्यास एकमेकींना प्रखर करतात. मिसळल्यास करडेपणा आणतात. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ मीशेल यूजेन शव्रल (१७८६–१८८९) यांच्याकडे गॉबलँ येथील चित्रजवनिकांच्या कारखान्यातील काळा रंग फिका पडतो, अशी तक्रार आली होती. दोष रंगद्रव्याचा नसून शेजारच्या निळ्या-जांभळ्या धाग्यांचा आहे, असे त्यांना आढळले. या विषयावरील त्यांचा ग्रंथ १८३९ मध्ये प्रसिद्ध झाला.

निसर्गचित्रणात हा प्रश्न कसा उभा राहतो, हे सातारा जिल्ह्यातील पाचगणीच्या उदाहरणाने स्पष्ट होईल. तेथील टेबललँड हे पठार जांभा खडकाचे आहे. पावसाळ्यात त्याची तांबडी माती व ओले हिरवे गवत लगत येतात. दोन्ही रंग डोळ्यांना दिसतात तितक्याच तीव्रतेने आणि सारख्या क्षेत्रफळात रंगविले, तर दृष्टी कोठेच स्थिरावत नाही. अशा वेळी एकाला प्राधान्य द्यावे लागते. हिरव्यात थोडा बर्न्ट सिएना मिसळला, की त्याची तीव्रता उतरते आणि मातीचा अंश गवतातही आल्याने दोहोंत नाते जुळते. नळीतील तयार हिरवा तसाच लावणे, ही फार आढळणारी चूक होय. कृष्णेच्या खोऱ्यापलीकडील डोंगरांसाठी त्याच बर्न्ट सिएनात अल्ट्रामरीन निळा अधिक प्रमाणात घेतल्यास निळसर करडा रंग मिळतो. तो शीत व सौम्य असल्याने डोंगर दूर सरकल्यासारखे वाटतात. उन्हाळ्यात गवत वाळून पिवळे पडते व पूरक रंगांचा विरोध उरत नाही. तेव्हा चित्राचा भार उजळ-गडदपणाच्या भेदांवर पडतो.

माध्यमानुसार निवडीची रीत बदलते. पारदर्शक जलरंगांत कागदाचा पांढरेपणा हाच प्रकाश असतो. त्यांत दुरुस्तीला वाव थोडा, शिवाय वाळल्यावर रंग फिका होतो. म्हणून त्याच जातीच्या कागदाच्या तुकड्यावर रंग लावून, तो वाळल्यानंतरच पारखणे इष्ट. तैलरंगांत प्रत्यक्ष चित्रफलकावर लहान ठिपके देऊन पाहता येते आणि न जुळल्यास ते पुसता येतात.

सा. ल. हळदणकर (१८८२–१९६८) यांचे हाती दिवा घेतलेल्या स्त्रीचे, १९४५-४६ च्या सुमारास रंगविलेले जलरंगचित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे. त्यात दिव्याचा उबदार पिवळा प्रकाश जांभळट साडीच्या सान्निध्यात अधिकच उजळतो. तेवढा प्रकाश निव्वळ पिवळ्या रंगाने साधला नसता.

रंगांची संख्या वाढविल्याने संगती साधते असे नाही. अजिंठ्याची भित्तिचित्रे मुख्यत्वे गेरू, पिवळी माती, हिरवी माती, काजळी आणि पांढरा अशा मोजक्या द्रव्यांत रंगविलेली आहेत. बाहेरून आणावा लागणारा राजावर्ताचा निळा त्यांत निवडक ठिकाणीच आढळतो. लेणे क्र. १ व २ मध्ये तो मातकट रंगांच्या सान्निध्यात येतो आणि म्हणूनच थोड्या प्रमाणातही ठळकपणे उठून दिसतो.