गळती सांगणारं यंत्र घरात लावायलाच हवं का?

गटाच्या बैठकीत हल्ली एक प्रश्न येतो. गॅस गळला की वाजणारं यंत्र विकायला कुणी दारात येतं, "सरकारी नियम आहे, घ्यावंच लागेल" म्हणतं. खरं काय?

घरात टाकी वापरणाऱ्या ग्राहकावर अशी सक्ती नाही. यंत्र वाईट नाही, ऐपत असेल तर घ्या. पण टाकीतला गॅस हवेपेक्षा जड. तो जमिनीलगत सरकतो, म्हणून यंत्रही खाली, जमिनीपासून वीतभर उंचीवर लागतं. शहरात पाइपातून येतो तो नैसर्गिक गॅस हलका, तो छताकडे जातो. विकणाऱ्याने आपल्या घरात यंत्र छताजवळ ठोकलं, तर पैसे पाण्यात.

आपल्या घरांत धोका इथेच आहे. टाकी आणि पेटती चूल एका खोलीत, रात्री अंथरुणंही तिथेच. गळलेला गॅस सरपटत चुलीतल्या निखाऱ्यापर्यंत जातो. चूल दुसरीकडे हलवता आली तर यंत्राआधी ते करा. शेगडी टाकीपेक्षा उंच ओट्यावर ठेवा.

नियम आहेत ते टाकी देणाऱ्यांसाठी. सील तपासून, गळती पाहून, मागितलं तर वजन करून टाकी द्यायची असते. घरगुती टाकीत गॅस १४.२ किलो, रिकाम्या टाकीचं वजन तिच्यावरच लिहिलेलं असतं, दोन्हींची बेरीज काट्यावर दिसली पाहिजे. "वेळ नाही बाई" ऐकून घेऊ नका. वरच्या कड्याखालच्या पट्टीवर इंग्रजी अक्षर आणि साल असतं. 'सी' आणि २७ म्हणजे ती टाकी सप्टेंबर २०२७ पर्यंत चालेल. मुदत संपलेली असेल तर परत करा. रबरी नळी पाच वर्षांनी बदलायची. साल तिच्यावर छापलेलं असतं.

गॅसला स्वतःचा वास नसतो, गळती कळावी म्हणून तो मुद्दाम घातलेला असतो. वास आला की विजेचं बटण चालू करू नका, बंदही करू नका. रेग्युलेटर बंद करा, चूल, दिवा, उदबत्ती विझवा, दारं-खिडक्या उघडा, पोरांना बाहेर काढा आणि बाहेर जाऊनच १९०६ ला फोन लावा. हा नंबर चोवीस तास चालतो.

अपघात झालाच, तर तेल कंपन्यांनी काढलेला विमा असतो. त्याचा हप्ता आपण भरत नाही. एजन्सीला लगेच लेखी कळवा आणि अर्जाची पोच घ्या. शेगडी किंवा नळी आयएसआय खुणेची नसेल, तर मात्र दावा अडू शकतो. बाजारातली स्वस्त नळी तिथे महाग पडते.