भंगाराच्या काट्यावर बिडाचा तवा

भंगारवाल्याच्या काट्यावर तडा गेलेला तवा आणि धडधाकट तवा यांना एकच भाव मिळतो. उभी नोकरी बँकेत तारणाची किंमत ठरवण्यात गेल्यामुळे असेल, मला हा हिशेब पटत नाही. सातारा-सांगलीकडे आजीच्या वेळचे बिडाचे तवे माळ्यावरून थेट भंगारात जातात. विकणाऱ्याने निदान आपण काय विकतो आहोत, हे तरी ओळखावे.

बीड म्हणजे ओतीव लोखंड. या मुलखाला ते परके नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली औंध संस्थानात, कुंडलच्या माळावर कारखाना काढला तो लोखंडी नांगरांसाठी. तीच आजची सांगली जिल्ह्यातली किर्लोस्करवाडी. सातारारोडला धनजीशा कूपर यांचा कारखाना उभा राहिला. अशा कारखान्यांच्या मालावर नाव असे. घरच्या तव्यावर बहुधा काहीच नसते. अमेरिकेत ग्रिसवोल्ड, वॅग्नर ही नावे तव्याच्या पाठीवरच ओतलेली असल्याने हौशी मंडळी त्यांवरून वय ठरवतात. आपली भिस्त कानावर आणि बोटांवर.

लोहचुंबक इथे निरुपयोगी, तो पत्र्याच्या तव्यालाही चिकटतो. तवा कानाशी धरून टिचकी मारावी. पत्रा खणखणतो, बिडाचा आवाज जाड आणि आखूड. तडा असेल तर तोच आवाज फाटका येतो. पाठीवरून बोट फिरवले की साच्यातल्या वाळूचा खरखरीतपणा लागतो, कुठे रस ओतल्याचा वणही सापडतो. तडा गेलेला तवा खुशाल मोडीत द्यावा. नुसता गंजलेला मात्र देऊ नये.

गंज वरवरचा असतो. चिंचेचे पाणी लावून काथ्याने आणि राखेने घासावा, धुऊन लगेच मंद आचेवर कोरडा करावा. मग तेलाचा अगदी पुसट हात फिरवून धूर येईपर्यंत तापवावा आणि आपोआप निवू द्यावा. असे पाच-सहा वेळा. तापलेले तेल घट्ट होऊन लोखंडाला धरते. रंगकामात जवसाचे तेल वाळते, त्याच जातीची ही क्रिया. जवस, करडई यांची तेले म्हणूनच इथे शेंगतेलापेक्षा बरी. तेल जास्त झाले तर तवा चिकट राहतो. तापल्या तव्यावर गार पाणी ओतू नये. बीड तडकते, आणि तडकलेले बीड सहजी सांधत नाही.

पहिली दोन-चार धिरडी चिकटतील, त्याला इलाज नाही. पुढे रोजच्या वापराने तो काळा, गुळगुळीत थर चढत जातो. घरोघरच्या बायकांनी वर्षानुवर्षे थालीपिठे थापून तो कमावलेला असतो. काट्यावर त्याचे वजन भरत नाही आणि तारणाच्या कुठल्या यादीतही तो मला कधी आढळला नाही.

तेव्हा माळा आवरायला काढाल, त्या दिवशी भंगारवाल्याला हाक मारण्याआधी तव्याला एक टिचकी मारून पाहावी.