खवल्या-खवल्याचं चिलखत

क्योटो, 1179चा पावसाळा. या कारागिराचं नाव कुठेच नोंदलेलं नाही. पण त्या काळातली काही चिलखतं देवळांनी जपली आहेत. त्यांच्या बांधणीवरून त्याचा दिवस मांडता येतो.

पहाटे 5. जपानी दिवसाचे बारा भाग, प्रत्येकाला एका प्राण्याचं नाव. ही सशाची वेळ. सरसाच्या पाण्यात मुरलेलं गाईचं कच्चं कातडं दगडावर पसरून तो हातोडी चालवतो. ठोकून ठोकून कातडं दाट होतं, लाकडासारखं कडक होतं. कातडं येतं कामो नदीच्या वाळवंटातून. तिथे मेलेली गुरं सोलणारी माणसं राहतात. त्यांचा लोकांना विटाळ होतो, त्यांनी सोललेल्या कातड्याचा होत नाही.

सकाळी 7. कातड्याच्या पट्ट्या कापायच्या. एकेक खवला बोटभर लांब, दोन बोटं रुंद. मग आरीनं भोकं: एका ओळीत 6, दुसरीत 7. एका चिलखताला हजाराच्या वर खवले लागतात. एक भोक सरकलं की अख्खी रांग तिरकी बसते, म्हणून शिकाऊ पोराला अजून आरी देत नाहीत. तो कातरण गोळा करतो. तिचा पुन्हा सरस होईल.

सकाळी 10. राळ्याची पेज, मिठातला मुळा. लोहाराकडचे लोखंडी खवले आलेत. छातीवर एक लोखंडाचा, एक कातड्याचा असे आलटून पालटून लावायचे. सगळेच लोखंडाचे लावले तर घोडा दमेल. तरी पुरं चिलखत 25 ते 30 किलो भरतं.

दुपारी 12, घोड्याची वेळ. आता लाखेचं काम. ही लाख किड्याची नव्हे, उरुशी झाडाचा चीक. एका झाडातून हंगामात जेमतेम 200 ग्रॅम निघतो, म्हणून ब्रश भांड्याच्या काठावर निथळून मगच बाहेर येतो. खवले एकमेकांवर अर्धे चढवून वादीनं ओवलेत. त्या रांगेवर एक हात द्यायचा, वाळू द्यायचं, घासायचं, पुन्हा हात. हा चीक दमट हवेत कडक होतो, त्यामुळे पावसाळ्यात या घराला उसंत नाही. कच्चा चीक अंगाला लागला की पुरळ उठतं. पोराची मनगटं सुजली आहेत. खाजवायचं नाही, एवढंच त्याला सांगितलंय.

दुपारी 3. गिऱ्हाईक येतं. पूर्वेच्या कांतो भागातला सामुराई, राजधानीत पहाऱ्याच्या पाळीवर आलेला. पाळी सक्तीची, खर्च मात्र पदरचा: घोडा, नोकर, धान्य, आता हे चिलखत. सगळं गावाकडच्या जमिनीतून निघायला हवं. तो खांदे हलवून बघतो. खांद्यावरच्या रुंद फळ्या म्हणजेच ढाल, कारण दोन्ही हात धनुष्याला लागतात. छातीवर गुळगुळीत कातडं, प्रत्यंचा अडकू नये म्हणून. सामुराई म्हटलं की आपल्याला तलवार आठवते. हे चिलखत सांगतं की तो आधी घोड्यावरचा तिरंदाज होता. खवल्यांच्या रांगा बांधायची दोरी मंजिष्ठेनं रंगवलेली, लाल हवी म्हणतो. रेशमाचे शेकडो हात लागतील. तोक्योजवळच्या मुसाशी मिताके देवळात असंच एक लाल चिलखत आहे. 1903च्या दुरुस्तीत घातलेल्या नव्या दोऱ्या फिकटल्या, जुन्या अजून लाल आहेत. रंगाऱ्याच्या त्या हाताला मी मनापासून मानतो.

संध्याकाळी 6, कोंबड्याची वेळ. सामुराईचा नोकर इसार ठेवून जातो: तांदूळ, कापड, आणि दोरीत ओवलेली थोडी तांब्याची नाणी. नाणी चीनमधल्या सुंग राज्याची. जपाननं स्वतःची नाणी पाडणं दोनशे वर्षांपूर्वीच थांबवलंय. यंदा शहरात साथ आहे आणि लोक तिला ‘नाण्यांचा रोग’ म्हणतायत. कारागिराची बायको तांदूळ मापून घेते, कापड उजेडात धरून बघते. नाणी ती वेगळी बांधते. तेलवाला घेईल, भाजीवालीचा भरवसा नाही.