दोनदा उगवणारा सूर्य

लोणारच्या विवरात सूर्य दोनदा उगवतो. आधी काठावर, आणि मग चांगल्या दीड-दोन तासांनी तळाशी, पाण्याजवळ. गावकऱ्यांना यात नवल वाटत नाही. पण बुलढाणा जिल्ह्यात उघड्यावर माणसांचे फोटो काढणाऱ्याच्या दृष्टीने या दोन सूर्योदयांमधला वेळ म्हणजे फुकट मिळालेला स्टुडिओ आहे.

हिशेब सोपा आहे. विवराचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर, तळ्याचा सुमारे १.२ किलोमीटर आणि काठापासून पाण्यापर्यंतची खोली १३७ मीटरच्या आसपास. म्हणजे पूर्वेच्या किनाऱ्यावर उभ्या असलेल्या माणसापासून पूर्वेचा काठ जेमतेम ३०० मीटरवर, पण १३७ मीटर उंच. त्याच्यासाठी क्षितिज आडवं राहत नाही, जवळजवळ २५ अंश वर चढतं. मार्च किंवा सप्टेंबरमध्ये सूर्याला एवढं वर यायला पावणेदोन तास लागतात, डिसेंबरात तो तिरका चढतो म्हणून दोन तास. पश्चिमेच्या किनाऱ्यावर मात्र तोच पूर्व काठ दीड किलोमीटर दूर पडतो आणि ऊन वीस-पंचवीस मिनिटांतच पोचतं. एकाच तळ्याच्या दोन किनाऱ्यांवर दोन वेगळी घड्याळं.

तुळशीचं लग्न लागलं की लग्नसराई सुरू होते, आणि हल्ली लग्नाआधी प्री-वेडिंग शूट आलंच. जागा, कपडे, गाणं हे सगळं आठवडाभर आधी ठरतं. उजेडाचा विचार मात्र बहुतेक वेळा गाडीतून उतरल्यावर होतो. खरं तर सगळी आखणी तिथूनच सुरू व्हायला हवी.

ज्याला सगळे ‘गोल्डन अवर’ म्हणतात, तो इथे तासभर टिकतच नाही. क्षितिजापासून सहा अंशांपर्यंतचा सूर्य तो सोनेरी उजेड देतो. आपल्या २० अंश अक्षांशावर सूर्य बराच उभा चढतो-उतरतो, त्यामुळे हे सहा अंश २५ ते २८ मिनिटांत संपतात. युरोपातल्या फोटोग्राफरला हाच उजेड कितीतरी जास्त वेळ मिळतो, कारण तिथे सूर्य क्षितिजाला बिलगून सरकतो. तिथल्या व्हिडिओंवर विसंबून इथलं वेळापत्रक लावलं तर निम्म्या पोशाखांचे फोटो राहून जातात. सोनेरी रंगाचं कारणही याच कोनात आहे. क्षितिजाजवळचा प्रकाश हवेच्या फार जाड थरातून येतो. डोक्यावरच्या सूर्याच्या तुलनेत पाच अंशांवर तो थर सुमारे दहापट भरतो. हवेचे रेणू निळा प्रकाश तांबड्यापेक्षा चौपटीहून जास्त विखुरतात. वाटेत निळा गळतो आणि चेहऱ्यापर्यंत पोचतो तो उबदार रंग.

दुपारचं काय? इथे डिसेंबर आणि मे यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. डिसेंबरच्या उत्तरार्धात लोणारला भर दुपारीसुद्धा सूर्य ४६-४७ अंशांच्या वर जात नाही. चेहऱ्यावर साधारण ४५ अंशांतून पडणारा प्रकाश नाक, गाल आणि हनुवटीला छान आकार देतो, हे चित्रकारांना शतकांपासून माहीत आहे. थंडीत एखादा पांढरा पडदा मध्ये धरून कडकपणा मोडला तर दुपार वाया जात नाही. मेमध्ये गोष्ट उलटी. २० मेच्या आसपास लोणारला आणि दोन-तीन दिवसांनी बुलढाणा शहरात शून्य सावलीचा दिवस येतो. दुपारी सव्वाबाराच्या पुढे सूर्य बरोबर डोक्यावर असतो. भुवयांचं हाड डोळ्यांवर छप्पर धरतं आणि डोळ्यांच्या जागी दोन काळे खड्डे उरतात. अशा वेळी कितीही महागडा कॅमेरा कामाचा नाही. काम सकाळी उरकावं किंवा सावली शोधावी.

सावलीचंही एक शास्त्र आहे. १८५४ साली मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली, डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे त्या पिढीतले नावाजलेले छायाचित्रकार. विजेचे दिवे येण्याआधीच्या त्या काळात उत्तर गोलार्धातले स्टुडिओ उत्तरेकडे काच लावत, कारण उत्तरेकडून थेट ऊन येत नाही, फक्त आकाशाचा मऊ, सारखा उजेड येतो. हा नियम बुलढाण्यात वर्षातले सगळे दिवस चालत नाही. आपण कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहोत. मेच्या अखेरीपासून जुलैच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत दुपारचा सूर्य आपल्या उत्तरेकडून जातो आणि सकाळ-संध्याकाळीही उत्तरेच्या भिंतीवर ऊन पडतं. हिवाळ्यात मात्र उत्तरेकडे तोंड असलेला कोणताही जुना दरवाजा दिवसभर भरवशाचा. उंबऱ्याच्या एक पाऊल आत माणूस उभा केला की वरचं आकाश झाकलं जातं आणि समोरून येणारा उजेड थेट डोळ्यांत शिरतो. बुबुळात तो चमकता ठिपका दिसला की चेहरा जिवंत होतो. सिंदखेडराजाचा लखुजी जाधवांचा राजवाडा, जिजाऊंचं जन्मस्थान, याच्या भव्य दरवाजाचा मोह म्हणूनच अनेकांना पडतो. ती संरक्षित वास्तू आहे; व्यावसायिक चित्रणाची परवानगी आधी हातात हवी. आणि १२ जानेवारी, जिजाऊ जयंती, हा दिवस वगळावा. त्या दिवशी ती जागा तिथे लोटणाऱ्या माणसांची असते.

उजेड वरून येतो हे सगळ्यांच्या लक्षात असतं, तो खालूनही येतो हे राहून जातं. बुलढाण्याची काळी माती ओली असेल तर तिच्यावर पडलेल्या प्रकाशातला दहा टक्केही परत फिरत नाही. कपाशीच्या किंवा तुरीच्या शेतात उभं राहिलं की हनुवटीखाली आणि डोळ्यांत काळोख साचतो तो त्यामुळे. पावसाळ्यात हिरवळीवर फोटो काढले तर गळ्याखाली हिरवट झाक येते आणि नवरीची हळद उठून दिसण्याऐवजी मळकी दिसते. उपाय स्वस्त आहे: थर्माकोलचा पांढरा तक्ता किंवा धुतलेलं पांढरं धोतर, चेहऱ्याच्या जरा खाली धरलेलं. लोणारला उन्हाळ्यात पाणी मागे हटलं की किनाऱ्यावर क्षारांचा पांढुरका थर उघडा पडतो. तो निसर्गाने अंथरलेला रिफ्लेक्टरच, पण लांबून वापरायचा. त्याचं कारण पुढे येतंच आहे.

कॅमेऱ्याची एक खोड सांभाळावी लागते. समोरचं सगळं दृश्य सरासरी मध्यम करड्या रंगाचं आहे असं तो धरून चालतो. नवरदेवाने पांढरा झब्बा घातला की कॅमेरा घाबरून सगळं काळवंडून टाकतो आणि सावळा चेहरा आणखी सावळा होतो. सावळ्या कातडीवर झालेला अन्याय जुना आहे. फिल्मच्या जमान्यात कोडॅकची रंगांची मापपत्रं गोऱ्या स्त्रियांच्या चेहऱ्यांवर बेतलेली असत, आणि जगभरच्या लॅब त्यावरून रंग जुळवत. आज फोटोग्राफरच्या हातात उपाय आहे, अक्षरशः हातात. तळहाताचा रंग माणसागणिक फारसा बदलत नाही. त्याच उजेडात तळहातावर माप घ्यायचं, तिथून प्रकाश दुप्पट वाढवायचा. मग पैठणी पिवळी असो वा झब्बा पांढरा, चेहरा आपल्या खऱ्या रंगात राहतो.

अंतराचंही तसंच. २०१८ साली अमेरिकेतल्या रटगर्स विद्यापीठाच्या संशोधकांनी गणित मांडलं होतं: एक फुटावरून काढलेल्या सेल्फीत नाक पाच फुटांवरच्या फोटोपेक्षा सुमारे ३० टक्के रुंद दिसतं. दोष नाकात नाही. म्हणून चेहऱ्यासाठी ८५ मिलिमीटरसारखी लांब लेन्स लावून सहा-सात फूट मागे सरकतात.

आता क्षारांच्या त्या थराकडे. तळ्याच्या पाण्याचा सामू १० च्या आसपास, म्हणजे साबणाच्या पाण्याइतका अल्कधर्मी. जून २०२० मध्ये हे पाणी गुलाबी झालं तेव्हा पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने त्यात हॅलोआर्किया हे क्षारप्रेमी सूक्ष्मजीव सापडल्याचं सांगितलं. त्यांच्या रंगद्रव्याने तळं रंगलं होतं. त्याच वर्षी लोणारला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला. हे अभयारण्य आहे. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या २८व्या कलमात अभयारण्यात शिरण्याचा परवाना ज्या कामांसाठी मिळतो त्यांत छायाचित्रणाचा उल्लेख आहे. ड्रोन, रंगीत धुराच्या नळकांड्या, पाण्यात उतरून काढायचे फोटो यांना इथे जागा नाही. एका फोटोसाठी काठावरच्या त्या थरावर दहा माणसं नाचली तर जे चिरडलं जातं ते दुसरीकडून आणता येत नाही. वरच्या दैत्यसूदन मंदिरात पुरातत्त्व खात्याचे नियम लागतात. ट्रायपॉड लावण्याआधी विचारावं.

हे सगळं जुळवून डिसेंबरातली एक सकाळ आखता येते. सूर्योदय पावणेसातनंतर. बुलढाण्याहून लोणार सुमारे ९० किलोमीटर, म्हणजे निघायचं पहाटे चारला. मेकअप निघण्याआधी घरीच, पण पिवळ्या बल्बखाली नाही, पांढऱ्या दिव्याखाली. नाहीतर उजाडल्यावर गालावरची लाली भलतीच दिसते. सव्वासहाला पूर्वेच्या काठावर पोचायचं. जोडीने विवराकडे पाठ करून उजळत्या पूर्वेकडे तोंड करायचं. त्यांच्या मागे, विवरापलीकडे पश्चिमेच्या आकाशात तळाशी एक करडा-निळा पट्टा आणि त्यावर फिकट गुलाबी पट्टा उमटतो. करडा पट्टा ही पृथ्वीची स्वतःची सावली, वातावरणावर पडलेली. सूर्य वर येऊ लागतो तसा तो पट्टा बुडत जातो आणि दहा-पंधरा मिनिटांत नाहीसा होतो. पुढची २५ मिनिटं सोनेरी. मग हळूहळू खाली उतरायचं. तळाशी पूर्वेचा किनारा अजून सावलीत असतो, समोरची पश्चिमेची भिंत उन्हात न्हालेली असते आणि तिचा परतलेला उबदार उजेड चेहऱ्यांवर येत राहतो, तो नऊच्या जरा आधी दुसरा सूर्योदय होईपर्यंत.