बरं वाटतंय, मग गोळी बंद करायची का?

शाबानचा महिना लागला की आमच्या घरात एक प्रश्न हमखास निघतो. "आता तर मी ठणठणीत आहे. या रमजानपासून गोळ्या सोडल्या तर?" विचारणारी असते आमची अम्मी. तिला अल्सरेटिव्ह कोलायटिस हा मोठ्या आतड्याचा जुना आजार आहे. यात आतड्याच्या अस्तराला सूज येते, जखमा होतात आणि जुलाबातून रक्त जाते.

सहा वर्षांपूर्वी तिने हा प्रश्न कोणालाही न विचारता सोडवला होता. दोन वर्षे काही त्रास नव्हता. रोजे सुरू झाले आणि तिने मेसालामाईनच्या गोळ्या गुपचूप थांबवल्या. ईद छान पार पडली. बकरी ईद जवळ आली तसे रक्त जाऊ लागले. शेवटी दवाखान्यात दाखल करून स्टिरॉइड द्यावे लागले. "मला वाटलं, मी बरी झाले," ती म्हणाली. चूक तिची एकटीची नव्हती. गोळ्यांची पाकिटे तशीच पडून आहेत, हे आमच्यापैकी कोणी पाहिलेच नव्हते.

तेव्हा आम्ही एक गोष्ट शिकलो. बरे वाटणे वेगळे आणि आतडे भरून येणे वेगळे. त्रास थांबला तरी आत सूज राहू शकते. ती कळते शौचाच्या कॅलप्रोटेक्टिन तपासणीतून आणि दुर्बिणीच्या तपासणीतून, म्हणजे कोलोनोस्कोपीतून.

दुसरी गोष्ट, प्रत्येक औषधाचा हिशोब निराळा असतो. स्टिरॉइड कायम घ्यायचे नसते, पण ते एकदम तोडायचेही नसते, हळूहळू कमी करावे लागते. मेसालामाईन बहुतेकांना सोसते. अधूनमधून मूत्रपिंडाची तपासणी केली की ते वर्षानुवर्षे चालू ठेवता येते. अ‍ॅझाथायोप्रिन घेणाऱ्यांना रक्त तपासत राहावे लागते. गरोदरपणात यातील बहुतेक औषधे चालू ठेवता येतात, मात्र मेथोट्रेक्सेट चालत नाही. म्हणून लेकी-सुनांनी दिवस राहण्याआधीच डॉक्टरांशी बोलावे.

मग औषध कधीच थांबवता येत नाही का? तसेही नाही. क्रोन्स हा याच जातीचा आजार. फ्रान्स आणि बेल्जियममधील डॉक्टरांनी त्याच्या 115 रुग्णांचे इन्फ्लिक्सिमॅब हे इंजेक्शन थांबवून पाहिले. सगळे बरे असलेले, दुसरे औषध चालू असलेले. 2012 साली निष्कर्ष छापून आले. वर्षभरात सुमारे 44 टक्के लोकांचा आजार उलटला. त्यातल्या बहुतेकांना इंजेक्शन पुन्हा सुरू केल्यावर आराम पडला. ज्यांच्या तपासण्यांत सूज उरली नव्हती, त्यांना धोका कमी होता. म्हणजे थांबवण्याचा विचार करता येतो, पण तपासण्या पाहून आणि पुढची नजर ठेवून.

पुढच्या खेपेला अम्मीने डॉक्टरांना स्वतःच विचारले, "थांबवलं तर काय होईल? उलटलं तर तेच औषध पुन्हा लागू पडेल का? किती दिवसांनी तपासायचं?" तपासणीत थोडी सूज निघाली. औषध चालूच राहिले, पण तीन वेळच्या गोळ्या डॉक्टरांनी दिवसातून एकदाच घ्यायला सांगितल्या. रमजानमध्ये ती आता इफ्तारनंतर गोळ्या घेते. एनिमाचे औषध लागलेच, तर रात्री निजताना. आजार जोरात असेल तेव्हा रोजा पुढे ढकलण्याची सवलत तर सूरह बकरामध्येच आहे. ती घेण्यात कमीपणा कसला?

नातेवाईक अजून म्हणतात, "एवढ्या गोळ्या कशाला? आमच्या हकीमसाहेबांचा नुस्खा घ्या." आम्ही सलाम करून विषय बदलतो.

यंदाही शाबान लागला आणि अम्मीने विचारलेच. आम्ही तिला गप्प केले नाही. गुपचूप सोडण्यापेक्षा तिने दरवर्षी विचारलेले बरे. डॉक्टरांची वेळ घेतली आहे. रिपोर्ट येऊ दे, मग सगळे मिळून ठरवू, इन्शाअल्लाह.